तांबेरा आणि खपली



वसंतातल्या व्याख्यानमालेत वक्त्याने काव्याविषयी बोलावे, किंवा निदान एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्राविषयी बोलावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मी आज एका रोगाविषयी बोलणार आहे, आणि तोही माणसाच्या नव्हे, गव्हाच्या. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्यांच्या घरी प्रवरेकाठचे रान आहे, त्यांना तांबेऱ्याची ओळख करून द्यावयास नको. गहू निसवलेला असतो, दाण्यात चीक भरत असतो. आभाळ चार दिवस धरून राहते, पहाटे दव पडते, आणि मग रानातून फेरी मारून आलेल्या माणसाच्या कपड्यांना विटकरी रंगाची भुकटी लागलेली दिसते. शेतकरी ती बोटाने पुसतो आणि काही बोलत नाही. त्याला ठाऊक असते की ओंब्या उभ्या राहतील, पण खळ्यावर दाण्याऐवजी सुरकुतलेला, हलका भुस्साच हाती येईल.

आता याच तालुक्यातली दुसरी गोष्ट पाहा. येथून राजूर, शेंडी, भंडारदरा असे वर चढत गेले की गव्हाचे रान संपते आणि भाताची खाचरे लागतात. भाताला करपा येतो, कडा येतो, परंतु तांबेरा येत नाही. भात आणि गहू एकाच तृणकुळातले, जवळजवळ भाऊबंदच. एका भावाला जो रोग जमीनदोस्त करतो, तो दुसऱ्याच्या वाटेला जात नाही, हे कसे? आणि तिसरी गोष्ट सांगतो, ती गव्हातल्याच एका घराण्याची आहे. आपल्या वाडवडिलांच्या ओळखीचा खपली गहू, ज्याची खीर सणासुदीला आजही मागून केली जाते, तो काळ्या तांबेऱ्याच्या साथीत शेजारचा गहू लाल होऊन पडला असता पुष्कळदा हिरवा उभा राहत असे.

या तीन गोष्टींचे उत्तर शोधावयाला माणसाला फार वर्षे लागली. त्या शोधाचा इतिहास हाच आजचा माझा विषय आहे. मी कृषिशास्त्रज्ञ नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी आहे. परंतु या इतिहासाच्या मध्यभागी एक मराठी शब्द उभा आहे, आणि तो आपल्याला परका राहू नये, एवढ्यासाठी हे धाडस करीत आहे.

पाप कोणाचे?

तांबेरा नवा नाही. प्राचीन रोममध्ये २५ एप्रिलच्या सुमारास रोबिगस नावाच्या देवतेचा सण पाळीत. ही देवता तांबेऱ्याची. तिने पिकावर कोपू नये म्हणून तांबड्या कुत्र्याचा बळी देत. रोगाचा रंग तांबडा, म्हणून बळीही तांबडा, असा तो हिशेब होता. आपण त्यांना हसावयाचे कारण नाही. कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत नर्मदेच्या खोऱ्यातल्या तांबेऱ्याचे वर्णन केले आहे. मैलोगणती पसरलेला गहू असा नासला की पुष्कळ शेते कापण्याची तसदीही लोकांनी घेतली नाही. आणि कारण काय? कोणी म्हणे व्यभिचार वाढला, कोणी म्हणे गोऱ्यांनी गोमांस खाल्ले, कोणी म्हणे सरकारने जमिनीची मोजणी केली. आणखी एक समजूत अशी होती की गव्हाशेजारी पेरलेल्या अळशीमुळे हा रोग येतो. ही अळशी ध्यानात ठेवावी. ती पुढे पुन्हा एकदा आपल्या गोष्टीत येणार आहे, आणि अगदी निराळ्या रूपाने.

युरोपात या भुकटीकडे सूक्ष्मदर्शकातून पाहणारे पहिले दोघे इटालियन होते, फाँटाना आणि टार्जिओनी टोझेट्टी. १७६७ मध्ये दोघांनीही तांबेऱ्याचे वर्णन केले. तो गव्हाच्या अंगातून पाझरलेला मळ नसून एक स्वतंत्र जीव आहे, गव्हाच्या रसावर वाढणारी बुरशी आहे, हे हळूहळू मान्य झाले. १८६५ मध्ये जर्मनीच्या अँटन दे बारी याने आणखी एक आश्चर्य सिद्ध केले. काळ्या तांबेऱ्याच्या बुरशीला आपले संपूर्ण आयुष्य पुरे करण्यास दोन घरे लागतात, एक गव्हाचे आणि दुसरे बार्बेरी नावाच्या काटेरी झुडपाचे. ही रीत तांबेऱ्यांत सर्रास आहे. आपल्या बाजरीच्या तांबेऱ्याचे दुसरे घर वांग्याच्या झाडावर असते, आणि ज्वारीच्या तांबेऱ्याचे आंबुशीवर.

तांबेरा येतो कोठून?

थंड देशांनी मग बार्बेरीची झुडपे उपटण्याच्या मोहिमा काढल्या. आपल्याकडे मात्र कोडे सुटेना. हिमालयात बार्बेरी आहे, पण दख्खनच्या पठारावर गव्हाशेजारी ती कोठे आहे? आणि वैशाखाच्या उन्हात तर बुरशीचा विटकरी बीजकण टिकत नाही. मग दरसाल माघ-फाल्गुनात तांबेरा येतो कोठून?

या प्रश्नाला ज्यांनी आयुष्य दिले त्या करमचंद मेहता यांचे नाव या देशात अधिक घेतले जावयास हवे होते. आग्र्याच्या महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. देशभर ठिकठिकाणी हवेत चिकट काचपट्ट्या लावून त्यांनी उडणारे बीजकण मोजले, डोंगरांत उन्हाळ्यात उभ्या असलेल्या गव्हाची तपासणी केली, आणि १९४० मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की आपल्याकडे बार्बेरीचे महत्त्व नाही. सपाटीवर बुरशी उन्हाळ्यात मरते, परंतु थंड डोंगरांत ती गव्हावर बारा महिने जगते, आणि तेथून वाऱ्यावर बसून खाली उतरते. दक्षिण भारताला ती निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून मिळते. पुढे १९७० नंतरच्या दशकात नागराजन आणि जोशी या शास्त्रज्ञांनी उपग्रहांनी टिपलेल्या ढगांच्या चित्रांचा आधार घेऊन या प्रवासाचा मार्ग अधिक स्पष्ट केला. बंगालच्या उपसागरात नोव्हेंबरात वादळे होतात. त्यांचे वारे निलगिरीकडचे बीजकण उचलून मध्य भारतापर्यंत नेतात आणि पावसाबरोबर पिकावर उतरवतात.

याचा अर्थ असा की अकोल्याच्या शेतकऱ्याने आपले बांध कितीही स्वच्छ ठेवले तरी तांबेरा आभाळातून येणारच. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात आणि भोवतालच्या मुलखात जी भयंकर साथ आली, तिने लाखो एकरांवरचा गहू नासवला. ऐन धान्यटंचाईचा तो काळ होता. आभाळातून येणाऱ्या शत्रूला कुंपण घालता येत नाही. म्हणून त्याला झाडाच्या दारातच अडवले पाहिजे, आणि ते काम झाडानेच केले पाहिजे. ते झाड कसे करते, हा खरा प्रश्न.

जाड कातडी नव्हे

प्रथम शत्रूचा स्वभाव पाहावयास हवा. तांबेऱ्याची बुरशी ही लुटारू नसून बांडगुळाच्या जातीची आहे. मेलेल्या पानावर ती वाढत नाही. बीजकण दवात भिजतो, त्यातून एक बारीक नळी निघते, ती पानावरून सरपटत श्वासोच्छ्वासाच्या रंध्रापाशी पोचते आणि आत शिरते. मग ती पेशीच्या भिंतीला भोक पाडते आणि आत एक शोषकांग सोडते. पेशी जिवंतच राहते आणि आपले अन्न त्या पाहुण्याला देत राहते. आठ-दहा दिवसांत पानाची साल फाटून नवे विटकरी बीजकण हजारोंनी बाहेर पडतात. सारांश, या शत्रूला यजमान जिवंत हवा.

पूर्वीचे लोक समजत की ज्या गव्हाची पाने जाड, लव दाट किंवा रंध्रे लहान, तो गहू तांबेऱ्याला दाद देत नाही. केंब्रिजचे मार्शल वॉर्ड यांनी १९०२ मध्ये एका रानगवताच्या तांबेऱ्यावर बारकाईने काम करून हा समज खोडून काढला. त्यांना दिसले की कणखर वाणाच्या पानातही बुरशी शिरते, दारे तिला उघडीच असतात. परंतु आत शिरताच ज्या पेशींना ती स्पर्श करते, त्या पेशी झटपट मरून जातात, आणि त्यांच्याबरोबर बुरशीही उपाशी मरते. अमेरिकेतील मिनेसोटाचे स्टॅकमन यांनी १९१५ मध्ये हीच गोष्ट गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यात दाखवली आणि तिला अतिसंवेदनशीलता असे नाव दिले. कणखर गव्हाच्या पानावर पुळी येत नाही, टाचणीच्या टोकाएवढा एक फिकट ठिपका तेवढा राहतो. शत्रूच्या हाती लागण्यापूर्वी चार घरे स्वतःच पेटवून देऊन गाव वाचवावे, असाच हा प्रकार आहे.

याच सुमारास, १९०५ मध्ये, केंब्रिजच्याच बिफेन यांनी दाखवले की पिवळ्या तांबेऱ्याशी झुंजण्याची शक्ती मेंडेलच्या नियमाने बापाकडून मुलाकडे जाते. म्हणजे ती एका वाणातून दुसऱ्यात संकराने आणता येते. आता प्रश्न एवढाच राहिला की ती शक्ती कोणाच्या घरात आहे? येथे आपला खपली येतो.

बारा गव्हांत एक मराठी नाव

खपलीचा दाणा टरफलात घट्ट बसलेला असतो. मळणी झाली तरी तो खपलीतून सुटत नाही, कांडावा लागतो, म्हणून नावही तेच पडले. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हा गहू पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला. आपल्या नेहमीच्या पोळीच्या गव्हात गुणसूत्रे ४२ असतात, खपलीत २८. गव्हाच्या कुळातली ही फार जुनी शाखा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे बी अमेरिकेस गेले, आणि तेथल्या शास्त्रज्ञांनी तिचे मराठी नाव जसेच्या तसे ठेवले.

स्टॅकमन यांना तोवर कळून चुकले होते की काळा तांबेरा दिसायला एकच असला तरी त्याच्यात अनेक जाती आहेत. एक जात एका गव्हाला लागते, दुसरीला तो गहू दाद देत नाही. या जाती सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात, त्या ओळखायच्या त्यांच्या वागणुकीवरून. म्हणून स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये बारा गव्हांचा एक संच ठरवला. कोणत्याही ठिकाणचा तांबेरा आणावा, या बारांवर टाकावा, आणि कोणाला लागला, कोणाला नाही, हे पाहून त्याला क्रमांक द्यावा. त्या बारांत एक मार्क्विस आहे, एक लिटल क्लब आहे, एक कुबांका आहे, आणि एक खपली आहे. बहुतेक जातींपुढे खपलीवर केवळ बारीक ठिपके उमटत. जगातल्या तांबेरा तपासणाऱ्या प्रयोगशाळांतून त्यानंतर कित्येक वर्षे हा मराठी शब्द रोज लिहिला जात होता. मेहता यांनीही भारतातल्या काळ्या तांबेऱ्याच्या जाती याच संचावर ओळखल्या. आपल्याच मुलखातला गहू आपल्या देशात परत आला तो परीक्षक होऊन.

ऑस्ट्रेलियाच्या वॉटरहाऊस यांनी स्टाइनवेडेल या तेथील गव्हाशी खपलीचा संकर केला आणि त्याला 'खपस्टाइन' असे जोडनाव दिले. गुणसूत्रांची संख्या निराळी असल्याने असे संकर जुळवणे सोपे नव्हते. आपल्या शेजारी, नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या गहू संशोधन केंद्रातही असेच जोडनाव तयार झाले. तेथे केनियाच्या तांबेराविरोधी गव्हाशी निफाडच्या गव्हाचा संकर करून 'केनफाड' ही मालिका काढण्यात आली, आणि १९५० नंतरच्या काळात ती आपल्या भागात पेरली गेली. महाबळेश्वरच्या थंड हवेत गहू तांबेरा संशोधन केंद्र उभे राहिले. जेथे तांबेरा मुद्दाम जोपासता येतो, तेथेच नव्या वाणांची खरी परीक्षा होते. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे.

झाडाचे औषधालय

आता रसायनाकडे वळू. पेशी मरते म्हणून बुरशी मरते, की पेशी मरताना काही विष सोडते? या प्रश्नाचा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही, आणि म्हणूनच तो सांगण्यासारखा आहे.

१९५५ मध्ये फिनलंडचे विर्तानेन, ज्यांना १९४५ मध्ये रसायनाचे नोबेल पारितोषिक मिळाले होते, यांनी राय नावाच्या धान्याच्या कोवळ्या रोपांतून बुरशीला रोखणारे एक द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातली द्रव्ये गव्हात आणि मक्यातही सापडली. त्यांचे नाव बेन्झॉक्साझिनॉइड असे जिभेला वळसा घालणारे आहे, पण त्यांची योजना साधी आहे. झाड हे विष साखरेला बांधून पेशीच्या एका कप्प्यात ठेवते. बांधलेले असेपर्यंत ते झाडाला निरुपद्रवी असते. पेशी फुटली की दुसऱ्या कप्प्यातला पाचक रस त्याच्यावर येतो, साखर सुटते आणि विष मोकळे होते. आपल्या शेतकऱ्याला ही युक्ती दुसऱ्या रूपाने माहीत आहे. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते ते याच रीतीने. ज्वारीतही विष साखरेला बांधलेले असते, आणि चावल्यावर ते सुटते.

मग १९६२ मध्ये एलनागी आणि लिंको यांनी, आणि १९६६ मध्ये एलनागी आणि शॉ यांनी असे मांडले की ज्या गव्हात हे साखरबंद द्रव्य अधिक, तो काळ्या तांबेऱ्याला अधिक दाद देत नाही. सर्वांना वाटले की किल्ली सापडली. आता पानातले द्रव्य मोजावे आणि कणखर वाण निवडावे! परंतु १९७२ मध्ये कॅनडातील नॉट आणि कुमार यांनी हा संबंध पुन्हा तपासला. तांबेऱ्याशी झुंजणारे निरनिराळे गुणघटक असलेले गहू घेऊन त्यांनी हे द्रव्य मोजले, आणि त्यांना असा संबंध आढळला नाही. मावा, अळ्या आणि पुष्कळ बुरशींपुढे हे द्रव्य झाडाच्या उपयोगी पडते, यात शंका नाही. पण तांबेऱ्याचे कोडे एका विषाने सुटण्यासारखे नव्हते. विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण विजयाच्या गोष्टी तेवढ्या सांगतो. ज्यांनी एक सुंदर कल्पना प्रामाणिकपणे तपासून बाजूस ठेवली, त्यांचाही उल्लेख त्यात झाला पाहिजे.

असे का झाले, हे शत्रूच्या स्वभावावरून समजते. साठवलेले विष पेशी फुटल्यावर सुटते, आणि तांबेऱ्याची बुरशी तर पेशी न फोडता हलक्या हाताने आत शिरते. ती कोठीचे कुलूपच उघडू देत नाही. अशा शत्रूसाठी झाडाला साठ्यातले नव्हे, तर चाहूल लागताच जागच्या जागी तयार केलेले औषध लागते.

अशी औषधे खरोखरच आहेत. ओट या धान्याच्या पानात तांबेरा शिरला की कणखर वाणात काही नवी द्रव्ये तयार होतात, जी निरोगी पानात नसतात. जपानच्या मायामा यांनी १९८१ च्या सुमारास ती वेगळी काढली. आपल्या ज्वारीत तर हा प्रकार डोळ्यांना दिसतो. ज्वारीच्या पानावर रोग पडला की डागाभोवती तांबडा-जांभळा रंग चढतो, आणि आपण त्याला रोगाचा रंग समजतो. वस्तुतः तो झाडाच्या प्रतिकाराचा रंग आहे. अमेरिकेतील निकल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९९० या काळात ज्वारीच्या दुसऱ्या एका बुरशीजन्य रोगावर काम करताना पाहिले की हल्ला झालेल्या पेशीत तांबड्या द्रव्याचे थेंब तयार होतात, ते सरकत सरकत बुरशी जेथे शिरत आहे त्या जागी जातात आणि तेथे फुटतात.

आणि गहू? गव्हाचे मुख्य शस्त्र विषापेक्षा लाकूड आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तांबेऱ्याचे शोषकांग आत येताच कणखर गव्हाच्या पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड उसळते. जखमेवर ओतल्यावर फेस येतो तेच हे द्रव्य. पाठोपाठ पेशीच्या भिंतीत लिग्निन, म्हणजे खोडाला लाकूडपण देणारे द्रव्य, भरू लागते. पेशी कठीण होऊन मरते आणि बुरशी तिच्यात कोंडली जाते. जर्मनीतील मोर्शबाखर, रायझेनर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये याचा निर्णायक पुरावा दिला. त्यांनी कणखर गव्हाच्या पानाला लिग्निन बनवण्याची क्रिया थांबवणारी द्रव्ये दिली. पानाचा वाण तोच, गुणघटक तेच, फक्त लाकूड बनवण्याचे काम बंद. त्याबरोबर बुरशी पसरू लागली. भाताच्या पानावर गव्हाचा तांबेरा टाकून पाहिला असता तेथेही पेशींच्या भिंतींची अशीच डागडुजी आणि पेरॉक्साइडची उसळी दिसते. भाताला तांबेरा येत नाही तो दैवाने नव्हे. तेथे बीजकण रुजतो, क्वचित आतही शिरतो, पण तेथेच अडकतो. शेंडीच्या खाचरात ही चकमक आपल्या नकळत होत असली पाहिजे.

चाहूल कशी लागते?

शस्त्र असून उपयोग नाही, पहारेकरी जागा पाहिजे. ज्या गव्हाला तांबेरा लागतो, त्याच्यापाशीही लिग्निन आहे, पेरॉक्साइड आहे. त्याला फक्त वेळेवर जाग येत नाही.

येथे ती नर्मदाकाठची अळशी परत येते. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटात फ्लोर नावाचे शास्त्रज्ञ अळशीच्या तांबेऱ्यावर काम करीत. अळशीचा तांबेरा निराळा, तो गव्हाला लागत नाही. स्लीमनच्या काळच्या लोकांनी अळशीवर आळ घेतला होता तो खोटाच होता. पण त्या अळशीनेच गव्हाचे गुपित सांगितले. १९४० नंतरच्या वर्षांत फ्लोर यांनी दाखवले की अळशीतल्या प्रत्येक रक्षक गुणघटकासमोर बुरशीत एक जोडीदार गुणघटक असतो. दोन्ही असतील तरच झाडाला जाग येते. बुरशीने आपला तो एक गुणघटक बदलला की पहारेकरी तिला ओळखत नाही.

पहारेकरी म्हणजे नेमके काय, हे अगदी अलीकडे डोळ्यांनी पाहता आले. २०२२ मध्ये 'एसआर ३५' या गव्हातल्या रक्षक प्रथिनाचे चित्र मिळाले. बुरशीने पेशीत सोडलेले प्रथिन त्याला चिकटले की अशी पाच रक्षक प्रथिने एकत्र येऊन कडे करतात, आणि त्या कड्यातून पेशीत कॅल्शियमचा लोंढा शिरतो. तो झाला नगारा. पुढची सारी पेटवापेटवी त्यानंतर होते. मार्शल वॉर्डना १९०२ मध्ये जो ठिपका दिसला, त्याच्या मुळाशी हे कडे होते.

आणि खपली? त्याच्यातला 'एसआर १३' हा गुणघटक २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात वेगळा काढण्यात आला. तोही अशाच पहारेकऱ्याचा गुणघटक निघाला. विशेष म्हणजे हवा उबदार असली की तो अधिक चांगले काम करतो. दख्खनच्या उन्हात वाढलेल्या गव्हाला हे शोभण्यासारखेच आहे.

एका पहारेकऱ्याचा गाव

ही केवळ पुस्तकी हकीकत असती तर मी आपला वेळ घेतला नसता. १९९८ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याची एक नवी जात सापडली. पुढे ती 'युजी ९९' या नावाने ओळखली जाऊ लागली. जगातल्या लाखो एकरांवरचा गहू त्या वेळी 'एसआर ३१' या एकाच गुणघटकाच्या भरवशावर उभा होता. तो राय धान्याकडून गव्हात आणलेला होता आणि कित्येक वर्षे अभेद्य ठरला होता. नव्या जातीने तोच निकामी केला. २००७ मध्ये ती इराणपर्यंत आल्याचे आढळले. तेव्हा शास्त्रज्ञांनी जुन्या बियाण्यांच्या पेट्या पुन्हा उघडल्या, आणि 'युजी ९९' ला दाद न देणारे जे थोडे गुणघटक हाती लागले, त्यांत खपलीतला 'एसआर १३' हा एक होता.

एक गुणघटक फार काळ पुरत नाही, हे फ्लोर यांच्या नियमातच आहे. खपलीचाही तो अपवाद नाही, त्याच्यावर मात करणाऱ्या जाती सापडलेल्या आहेत. म्हणून आता एका वाणात तीन-चार पहारेकरी बसवण्याचा आणि त्यांच्या जोडीला निराळ्या प्रकारची शक्ती आणण्याचा प्रयत्न असतो. 'एलआर ३४' नावाचा एक गुणघटक आहे. तो बुरशीला मारत नाही, तिची चाल मंद करतो, आणि म्हणूनच कदाचित अनेक दशके टिकून राहिला आहे. २००९ मध्ये त्याचेही स्वरूप कळले. पण हे सारे गुणघटक कोणत्याही प्रयोगशाळेत घडवलेले नाहीत. ते जुन्या गव्हांत होते. त्यांना जे माहीत होते, ते आपण त्यांच्याकडून वाचून घेतले.

आणि ते जुने गहू आपण शेतातून काढून टाकत आलो. यात शेतकऱ्याचा दोष नाही. नव्या वाणांनी एकरी उत्पन्न वाढवले, भूक भागवली, आणि खपलीला तर कांडणाचा त्रास. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीच्या कुळातील 'एमएसीएस २९७१' सारखे बुटके वाण काढले आहे, त्यामुळे हा गहू पुन्हा काही शेतांत दिसू लागला आहे. तथापि एक सुधारलेला वाण म्हणजे संपूर्ण घराणे नव्हे. गावोगावच्या खपलीत आणखी कोणते पहारेकरी होते, हे त्या ओंब्या नाहीशा झाल्यावर कोण सांगणार?

याचे उत्तर शोधावयाला आपल्याला मिनेसोटास जावयाचे कारण नाही. आपल्याच तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी घराघरांतून गावठी बियाणे गोळा करून बियाण्यांची बँक उभी केली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी भात, नाचणी, वरई, वाल, घेवडा यांचे जे वाण राखले, त्यांतल्या प्रत्येकात कोणत्या रोगाशी झुंजण्याचे कोणते रसायन आहे, याची यादी आज कोणापाशी नाही. खपलीची तरी १९०० साली कोठे होती? कोणा शेतकऱ्याने खिरीसाठी चार पायली बी राखले, म्हणून ते कोणाच्या तरी हाती लागून समुद्रापार गेले, आणि शंभर वर्षांनी जगाच्या उपयोगी पडले. ज्याने ते राखले, त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्याला गुणघटक माहीत नव्हता. पण आपल्या रानात लाल वर्षीही हा गहू उभा राहतो, एवढे त्याने पाहिले होते आणि लक्षात ठेवले होते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी, माळ्यावरच्या मडक्यात किंवा कणगीच्या तळाशी असे एखादे जुने बी अजून असेल, तर ते दळावयास देण्यापूर्वी त्यातले मूठभर वाफ्यात टाकावे. त्याचे नाव, ते कोठून आले, कोणत्या वर्षी ते टिकले आणि कोणत्या वर्षी पडले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एका वहीत लिहून ठेवावे. मेहता यांच्या काचपट्ट्यांइतकेच ते काम शास्त्राचे आहे.